शस्त्रक्रिया की स्टेंट? मानेतील धमनी आणि स्मरणशक्तीचा प्रश्न

गेल्या वर्षी पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दाजींच्या डाव्या डोळ्यासमोर पडदा आला. सकाळचे वर्तमानपत्र वाचत बसले होते. कोणी वरून खाली करडे कापड सोडावे तसे झाले. पाच-सात मिनिटांत पुन्हा दिसू लागले आणि दाजींनी उरलेले पान वाचून काढले. ताईला त्यांनी हे संध्याकाळी सांगितले, तेही चष्म्याचा नंबर बदलला असावा अशा सुरात. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. डोळ्यात दोष नाही, असे म्हणून त्यांनी मानेची डॉप्लर सोनोग्राफी करायला पाठवले. अहवाल आला : डावी कॅरोटिड धमनी सुमारे ८० टक्के अरुंद.

दाजी ७३ वर्षांचे. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर ताई आणि ते मुलाजवळ राहायला मीरा रोडला आले, आमच्याच हाटकेशमधल्या सोसायटीत. सोसायटीचा जमाखर्च ते लिहितात आणि मे महिन्याच्या सुट्टीत इमारतीतल्या मुलांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी शिकवतात. थोडक्यात, त्यांचे सगळे वैभव डोक्यात आहे.

मेंदूरोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी अॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि दोन वाटा सांगितल्या. मानेवर छेद घेऊन धमनी साफ करायची, किंवा जांघेतून तार नेऊन धमनीत स्टेंट बसवायचा. फार दिवस लावू नका, असेही बजावले. घरी आल्यावर ताईने मला विचारले, "अगं, तुझं ते वाचन काय म्हणतं? कशाने त्यांचं डोकं शाबूत राहील?" आणि लगेच पुढे, "पितृपक्ष संपू दे, मग ठरवू."

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि हाटकेशच्याच औद्योगिक गाळ्यांतल्या एका छापखान्यात २२ वर्षे प्रुफे वाचली. आईला अर्धांगवायू झाला तेव्हापासून मेंदूच्या रक्तपुरवठ्यावरचे शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला लागले. ती सवय सुटली नाही. ताईच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे हाती लागले, ते इथे मांडते. प्रश्न एकट्या दाजींचा नाही. ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींमुळे मानेच्या धमनीचा अहवाल आता पुष्कळ घरांत येऊन पडतो.

दुभाजकाची जागा

मानेच्या दोन्ही बाजूंना बोट लावले की ठोका लागतो, ती कॅरोटिड धमनी. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण प्राणवायूपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा खर्च करतो. त्यातले बरेचसे रक्त या फाट्यातून वर चढते. नदीला फाटा फुटतो तिथे गाळ साचतो, तसा या दुभाजकापाशी मेदाचा आणि चुन्याचा थर बसतो. डोळ्याला रक्त देणारी शाखाही याच मेंदूकडच्या फाट्यातून निघते. थराचा एखादा कण सुटून तिच्यात अडकला की डोळ्यासमोर पडदा येतो. कण विरघळला की पडदा उठतो. म्हणून दाजींच्या डोळ्यात दोष सापडला नाही. दोष चार बोटे खाली मानेत होता.

हे नाते लक्षात यायला वैद्यकाला वेळ लागला. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पहिले क्ष-किरण चित्रण केले. १९५१ मध्ये कॅनडातील मिलर फिशर यांनी मृतांच्या मानेतल्या धमन्या उघडून दाखवून दिले की पुष्कळ अर्धांगवायूंचे मूळ मेंदूत नसून मानेत असते. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचे एक कारण मानेतल्या या अडथळ्यात असू शकेल, असा तर्क त्यात होता. म्हणजे ताईचा प्रश्न या विषयाइतकाच जुना आहे. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांच्या चमूने, वारंवार झटके येणाऱ्या एका बाईच्या मानेतला धमनीचा अरुंद भाग काढून टाकला आणि ती बरी झाल्याचे प्रसिद्ध केले. तिथून या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला.

शस्त्रक्रिया कशासाठी?

पहिली गोष्ट मला समजली ती ही की, या दोन्ही उपायांपैकी एकही स्मरणशक्तीसाठी केला जात नाही. दोन्ही अर्धांगवायू टाळण्यासाठी आहेत. त्याचा भक्कम पुरावा १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ‘नॅसेट’ या चाचणीने दिला. ज्यांना झटका येऊन गेला आहे आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद आहे, अशा रुग्णांचे दोन गट केले. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत २६ टक्के लोकांना त्या बाजूचा अर्धांगवायू झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के लोकांना. वैद्यकात एवढा मोठा फरक सहसा पाहायला मिळत नाही.

ज्यांना एकही झटका आलेला नाही, केवळ तपासणीत अरुंदपणा सापडला, त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांचा धोका मुळात कमी असतो आणि आजच्या गोळ्यांनी तो आणखी कमी होतो. दाजींची लक्षणवाल्यांत गणना झाली, कारण पाच-सात मिनिटांचा पडदा हाही झटकाच. नुसत्या डोळ्याच्या लक्षणात धोका मेंदूच्या झटक्यापेक्षा कमी असतो हे खरे. पण वय, पुरुष असणे आणि ८० टक्के अरुंदपणा हे तिन्ही धोका वाढवणारे होते.

दोन वाटा, दोन तऱ्हेचे धोके

शस्त्रक्रियेला एंडार्टरेक्टॉमी म्हणतात. मानेवर छेद घेतात, धमनीला खाली-वर चिमटे लावून रक्त थांबवतात, धमनी उघडून थर सोलून काढतात, आणि बहुधा ठिगळ लावून शिवतात. चिमटे लावलेल्या काळात त्या बाजूच्या मेंदूला रक्त कोठून मिळते? मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते विलिसचे कडे. पुढच्या, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या धमन्या तिथे एकमेकींना जोडलेल्या असतात. एक नळ बंद झाला तर दुसऱ्या नळाचे पाणी फिरून येते. पण हे कडे सगळ्यांचे पूर्ण नसते. ज्यांचे अपुरे आहे त्यांना चिमट्याच्या काळात रक्त कमी पडू शकते. म्हणून शल्यविशारद मेंदूवर नजर ठेवतात आणि गरज पडली तर तात्पुरती नळी टाकून रक्त चालू ठेवतात. इथला धोका मुख्यतः रक्त कमी पडण्याचा, आणि भूल व हृदयावरच्या ताणाचा.

स्टेंटच्या वाटेत रक्त फार वेळ थांबत नाही आणि मानेवर छेदही नसतो. जांघेतून तार महाधमनीच्या कमानीतून मानेपर्यंत नेतात, अडथळ्याच्या पलीकडे बारीक जाळीची छत्री उघडतात, फुग्याने जागा रुंद करतात आणि धातूच्या जाळीची नळी बसवतात. थर जागेवरच राहतो, भिंतीशी दाबला जातो. इथला धोका कण सुटण्याचा. छत्री उघडण्याआधी तारेने कमानीतून आणि अडथळ्यातून वाट काढलेली असते, आणि छत्रीच्या छिद्रांतूनही बारीक कण निसटतात. वय वाढते तशी महाधमनीची कमान कडक आणि वेडीवाकडी होते, म्हणून म्हाताऱ्या माणसात ही वाट जास्त खडतर.

आकडे हेच सांगतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या ‘क्रेस्ट’ चाचणीत २,५०२ रुग्ण होते. उपचाराच्या काळात अर्धांगवायू स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के आणि शस्त्रक्रियावाल्यांत २.३ टक्के. उलट हृदयविकाराचा झटका स्टेंटवाल्यांत १.१ आणि शस्त्रक्रियावाल्यांत २.३ टक्के. एकूण बेरीज जवळपास सारखीच. त्याच वर्षी युरोपातल्या तीन चाचण्यांतल्या ३,४३३ लक्षणवाल्या रुग्णांचा एकत्र हिशेब आला. सत्तरीच्या आतल्यांत चार महिन्यांतला अर्धांगवायू किंवा मृत्यू दोन्हीकडे ६ टक्क्यांच्या आत, फरक नाही. सत्तरीनंतर मात्र स्टेंटवाल्यांत १२ टक्के आणि शस्त्रक्रियावाल्यांत ५.९ टक्के, म्हणजे दुप्पट.

याचा अर्थ स्टेंट वाईट असा नाही. छापखान्यातले माझे एक जुने सहकारी तंबाखूपायी घशाच्या कर्करोगातून गेले. मानेवर किरणोपचार झाले. काही वर्षांनी तिथलीच धमनी आकसली. किरणांनी कडक झालेल्या मानेवर पुन्हा सुरी लावणे अवघड असते. त्यांना स्टेंटच योग्य होता, आणि तो त्यांना लाभला.

पांढरे ठिपके

आता ताईच्या प्रश्नाकडे. अर्धांगवायू झाला नाही, हातपाय चालतात, बोलणे स्पष्ट आहे. तरी आत काही हरवते का?

युरोपातली जी एक मोठी चाचणी होती, ‘आयसीएसएस’, तिच्यातल्या काही रुग्णांचे उपचाराआधी आणि उपचारानंतर लगेच एमआरआय काढले गेले. रक्त तुटलेली नवी जागा विशिष्ट चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखी उमटते. स्टेंट झालेल्या १२४ जणांपैकी ६२ जणांच्या, म्हणजे निम्म्या लोकांच्या मेंदूत नवे ठिपके होते. शस्त्रक्रिया झालेल्या १०७ जणांपैकी १८ जणांच्या, म्हणजे १७ टक्क्यांच्या. त्यातल्या बहुतेकांना स्वतःला काही जाणवले नव्हते.

तो निबंध मी रात्री एक वाजता वाचला आणि झोप उडाली. निम्म्या लोकांच्या मेंदूत जखमा! म्हणजे स्टेंटने बुद्धी जाणार, असे मी मनात लिहूनही टाकले. पण प्रुफे वाचणाऱ्याला एक शिस्त असते. पान संपल्याशिवाय पुढचे गृहीत धरायचे नाही. त्याच चाचणीतल्या नेदरलँड्समधल्या रुग्णांच्या बोधनक्षमतेच्या परीक्षा घेतल्या गेल्या होत्या. बोधनक्षमता म्हणजे केवळ स्मरण नव्हे. लक्ष टिकवणे, वेग, शब्द आठवणे, आखणी करणे हे सगळे त्यात येते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा, स्टेंटवाल्यांत ठिपके जास्त असूनही, बोधनक्षमतेत ठोस म्हणता येईल असा फरक निघाला नाही. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. इतर लहान अभ्यासांचा सूरही साधारण असाच आहे.

मग ठिपके निरुपद्रवी आहेत का? तसेही म्हणता येत नाही. काही ठिपके महिन्याभरात चित्रातून पुसले जातात, काही कायमचे व्रण ठेवतात. ज्यांच्यात स्टेंटनंतर नवे ठिपके दिसले, त्यांना पुढच्या काळात झटके जास्त आले, असेही याच चाचणीच्या पुढच्या नोंदींत आढळले. पण एक बारीक ठिपका नेमका कुठे पडला यावर बरेच अवलंबून असते, आणि मेंदूकडे थोडी शिल्लकही असते. चित्रातला डाग आणि माणसाचे डोके यांच्यात थेट बरोबरीचे चिन्ह घालता येत नाही, एवढे मी त्या रात्री शिकले.

बुद्धी मोजायची कशी?

इथे मोजमापाचीच अडचण आहे. छापखान्यात एकच प्रूफ दुसऱ्यांदा वाचताना वेग आपोआप वाढतो, कारण मजकूर ओळखीचा झालेला असतो. परीक्षेचेही तसेच. उपचाराआधी एकदा आणि नंतर पुन्हा तीच परीक्षा दिली की सरावाने गुण वाढतात. उपचाराने बुद्धी तल्लख झाली असे सांगणारे कित्येक अभ्यास इथेच फसतात. उलट बाजूही आहे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी भूल, वेदना आणि जाग्रण यांनी कोणाचेही डोके मंद चालते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर चांगली युक्ती काढली. मानेच्या धमनीच्या रुग्णांची तुलना त्यांनी मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांशी केली, म्हणजे भूल आणि रुग्णालय दोघांनाही सारखेच. तरीही पहिल्या दिवशी धमनीच्या रुग्णांपैकी सुमारे पाव भाग अपेक्षेपेक्षा मागे पडलेला दिसला. म्हणजे शस्त्रक्रियाही मेंदूला अगदीच स्पर्श न करता जात नाही. मात्र बहुतेक जण पुढच्या आठवड्यांत सावरतात.

तिसरी अडचण अशी की, धमनी अरुंद असणे हेच बुद्धीला बाधक असू शकते. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत चार हजार उजखोऱ्या ज्येष्ठांचा अभ्यास होता. २००४ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. डावी धमनी ७५ टक्के किंवा अधिक अरुंद असलेल्यांची बोधनक्षमता कमी होती आणि पुढे जास्त घसरत गेली. उजव्या धमनीच्या बाबतीत तसे ठामपणे दिसले नाही. हा निष्कर्ष मला फार बोलका वाटला. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे दोन्ही बाजूंना सारखीच. सगळा दोष त्यांचाच असता तर डावे-उजवे दिसलेच नसते. परीक्षा मुख्यतः भाषेवर आधारलेली होती आणि उजखोऱ्या माणसाची भाषा बहुधा डाव्या मेंदूत असते. म्हणजे धमनीचा स्वतःचा वाटा असावा. फिशर यांचा १९५१ चा तर्क अगदीच वाया गेलेला नाही.

म्हणून धमनी मोकळी केली की बुद्धी सुधारेल, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. काही रुग्णांत सुधारणा दिसते, काहींत घसरण, बहुतेकांत काहीच नाही. सरासरी काढली की दोन्ही उपायांची पारडी जवळजवळ समान.

आपली फूटपट्टी

मुंबईत २००५-२००६ या दोन वर्षांत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या नेतृत्वाखाली अर्धांगवायूची लोकवस्तीतली नोंदणी झाली. सुमारे दीड लाखांच्या वस्तीत पहिल्यांदाच अर्धांगवायू झालेले ४५६ रुग्ण सापडले. त्यातल्या ८० टक्क्यांचा अर्धांगवायू रक्त अडल्यामुळे होता, आणि २८ दिवसांत जवळपास ३० टक्के रुग्ण दगावले. हा आजार आपल्या दारातलाच आहे. पण मानेच्या धमनीवरच्या मोठ्या चाचण्या बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आशियाई लोकांत मानेतल्यापेक्षा मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण तुलनेने जास्त असते. म्हणून आपल्याकडे मानेचा अहवाल हाती आल्यावर आतल्या धमन्यांचे चित्रणही पाहावे लागते. दाजींचे ते झाले, आतून धमन्या ठीक होत्या.

परीक्षेच्या भाषेचा प्रश्न तर आपल्यापुढे मोठाच आहे. घड्याळाचे चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करत जा, ही परीक्षा शाळा शिकलेल्याची. जी बाई कधी शाळेत गेली नाही, पण भाजीच्या टोपलीचा हिशेब तोंडी करते, तिला या परीक्षेत नापास करणे सोपे आहे. हरियाणातल्या बल्लभगड इथे १९९५ च्या सुमारास अशा निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत वेगळी परीक्षा घडवली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे परीक्षांचा एक संच केला. तो पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाला. त्या यादीत मराठी नव्हती. बाहेरच्या काही परीक्षांची मराठी रूपे मिळतात, आणि दाजींची परीक्षा त्यातल्याच एकीवर झाली.

घरात आमची स्वतःची फूटपट्टी होती, अडीचकी. ताई म्हणायची, ज्या दिवशी यांची अडीचकी अडेल त्या दिवशी मी समजेन. पण ही फूटपट्टी खोटी आहे. लहानपणी घोकलेले शेवटपर्यंत टिकते. नवे आठवणे आधी जाते. स्मृतिभ्रंश पुष्कळ पुढे गेलेली माणसेही पाढे, आरत्या, हरिपाठ घडाघडा म्हणतात. घरच्यांना वाटते, डोके तर ठणठणीत आहे. जेवण झाले की नाही हे विचारा, सोसायटीची परवाची बैठक कशावर होती ते विचारा, तेव्हा खरे कळते.

पंधरवड्याचा हिशेब

हे सगळे वाचण्यात माझ्या तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री बुद्धीशी संबंध नसलेला एक निबंध समोर आला. ऑक्सफर्डचे पीटर रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा मांडून एकच प्रश्न विचारला होता : झटक्यानंतर शस्त्रक्रिया किती दिवसांत केली? दोन आठवड्यांच्या आत केली तर पाच जणांमागे एकाचा अर्धांगवायू टळत होता. बारा आठवड्यांनंतर केली तर १२५ जणांमागे एकाचा. थर फाटलेला असतो तो सुरुवातीच्या दिवसांत. धोका सगळ्यात जास्त तेव्हाच.

मी कॅलेंडर काढले. झटका पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी आला होता. सर्वपित्री अमावास्येपर्यंत थांबायचे म्हणजे ते दोन आठवडे जवळजवळ संपलेच. ताईच्या ‘पितृपक्ष संपू दे’ला मी मनात हसले होते, पण माझे वाचन काय वेगळे करत होते? कोणत्या उपायाने स्मरणशक्ती एक-दोन गुणांनी जास्त राहील, याचा शोध घेत मी तेच दिवस खर्च करत होते. स्मरणशक्तीवरचा सगळ्यात मोठा घाव अर्धांगवायूचा असतो. तो डाव्या बाजूला झाला असता तर अडीचकीच काय, ताईचे नावही दाजींच्या ओठांवर आले नसते.

सकाळी ताईकडे गेले आणि मिळाले तेवढे सगळे सांगितले. दोन्ही वाटांनी डोक्याचे भले-बुरे जवळपास सारखेच. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे अर्धांगवायूच्या हिशेबात शस्त्रक्रिया सरस. आणि दिवस थोडे. दाजी ऐकत होते. म्हणाले, "पितर माझेच आहेत ना? ते समजून घेतील. तू डॉक्टरांना फोन लाव." झटक्यापासून दहाव्या दिवशी, पितृपक्षातच, शस्त्रक्रिया झाली.

वर्षभरानंतर

उपचाराआधी घेतलेल्या परीक्षेत दाजींना पाच शब्दांपैकी पाच मिनिटांनी तीन आठवले होते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी पलंगावर अडीचकी न अडता म्हणून दाखवली आणि ताईने डोळ्यांना पदर लावला. मी मात्र माझे पाच शब्द दिले. दोनच आठवले. दाजी माझ्यावर चिडले, आणि ते बरोबरच होते. तिसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायची नसते. सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडच्या परीक्षेत चार आठवले, यंदाच्या श्रावणातही चार.

तीनाचे चार झाले म्हणून शस्त्रक्रियेने स्मरण वाढले, असे मी म्हणणार नाही. पहिल्या वेळी ते घाबरलेले होते, दोन रात्री झोपले नव्हते. दुसऱ्या वेळी परीक्षा ओळखीची होती. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. ताई म्हणते की ते थोडे अबोल झालेत. आजारपणाने, वयाने, की चिमट्याच्या त्या काही मिनिटांनी, हे सांगण्याचे साधन माझ्याकडे नाही.

शस्त्रक्रियेनंतर दोनेक महिन्यांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ‘क्रेस्ट-२’ या चाचणीचे निष्कर्ष आले. ती लक्षणे नसलेल्यांची चाचणी होती. चांगल्या औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्यावर चार वर्षांतला धोका ६ टक्क्यांवरून २.८ वर आला. शस्त्रक्रियेच्या जोडीने ५.३ वरून ३.७ वर आला, पण तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका पक्का नव्हता. म्हणजे लक्षणे नसलेल्यांत स्टेंटची बाजू सावरली गेली. पण यातला लक्षात ठेवण्याजोगा आकडा मला दुसराच वाटतो. नुसत्या औषधांवरचे शंभरापैकी जवळपास ९५ जण चार वर्षे सुखरूप होते. तपासणीत अहवाल आला, त्रास काही नाही, अशा घराने घाबरून धावू नये. निदान ‘स्मरणशक्ती सुधारेल’ या आशेने तरी उपचाराला होकार देऊ नये.

आता सोसायटीत कोणी असा अहवाल घेऊन आले की मी चार गोष्टी डॉक्टरांना विचारायला सांगते. मला झालेला त्रास या धमनीमुळेच झाला का, आणि त्याला किती दिवस झाले? माझे वय, हृदय आणि मान पाहता कोणती वाट सोयीची? तुमच्या हातून वर्षाला असे किती उपचार होतात आणि त्यात अर्धांगवायू किती जणांना झाला? आणि उपचाराआधी माझी स्मरणाची परीक्षा माझ्या भाषेत घ्याल का? शेवटचा प्रश्न विसरू नये. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या शंकेला कोणाकडेच उत्तर राहत नाही. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि रोजच्या गोळ्या यांचे काम दोन्ही वाटांवर आयुष्यभर चालूच राहते.

यंदाच्या मे महिन्यात दाजींनी मुलांचा वर्ग पुन्हा घेतला. नेहमीप्रमाणे पावकीपासून सुरुवात. फक्त या वेळी वर्ग संपताना ते मुलांना आदल्या दिवशीचे पाच नवे शब्द विचारत होते, आणि स्वतःचे उत्तर आधी एका कागदावर लिहून तो कागद उलटा ठेवत होते.